पाहुणे दहा, आवडी दहा: जेवणासोबत वाइन कशी निवडाल?

शनिवारची संध्याकाळ. खर्डीजवळच्या एका फार्महाऊसवर दहा जण जेवायला जमणार आहेत. सुरुवातीला भजी आणि कोथिंबीर वडी, मग मटणाचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या आणि शाकाहारी मंडळींसाठी भरली वांगी असा बेत ठरला आहे. कुणीतरी सुचवतं, "नाशिक जवळच आहे, या वेळी वाइन आणूया." कल्पना सगळ्यांना पटते. दुकानात गेल्यावर मात्र प्रश्न पडतो: नेमकी कोणती? एकाला गोड आवडते, दुसऱ्याला गोड अजिबात चालत नाही, तिघांनी वाइन कधी चाखलेलीच नाही आणि एकाचा हट्ट आहे की वाइन म्हणजे रेडच.

अशा वेळी बहुतेक यजमान सर्वांत महागडी बाटली उचलतात. पण दहा जणांसाठी 'सर्वोत्तम' वाइन शोधण्यात अर्थ नसतो. जी कुणीही बाजूला सारणार नाही, ती शोधायची.

किंमत नको, तिखट बघा

आपल्या जेवणात वाइनची चव ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे मिरची. मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे तोंडात आग होते. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं आणि तेही ही आग वाढवतं.

रेड वाइनमध्ये आणखी एक घटक असतो, टॅनिन. रेड वाइन बनवताना काळ्या द्राक्षांचा रस सालांसकट आंबवला जातो आणि सालांतलं टॅनिन वाइनमध्ये उतरतं. जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आवळल्यासारखी होते, तोच हा तुरटपणा. झणझणीत रश्श्यासोबत तो जास्तच जाणवतो आणि चांगली, भारी रेड वाइनही कडवट लागते. पाहुणा म्हणतो, "वाइन काही खास नाही." दोष वाइनचा नसतो, जोडी चुकलेली असते.

याउलट थोडा गोडवा, थोडा आंबटपणा आणि थंडपणा तिखटाला शांत करतो. रश्श्याच्या जेवणानंतर आपण सोलकढी का पितो, हे आठवलं की कारण वेगळं सांगावं लागत नाही.

मग नेमकं काय आणायचं?

खर्डीकरांचं एक बरं आहे. कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडली की पुढे नाशिक आणि दिंडोरीचा द्राक्षपट्टा लागतो. नाशिकच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. त्यानंतर या भागात अनेक वायनरी उभ्या राहिल्या. त्यामुळे पुढचे सगळे प्रकार स्थानिक बनावटीचे मिळू शकतात.

शेनिन ब्लाँ: मूळची फ्रान्समधली द्राक्षाची जात. नाशिककडे तिच्या व्हाइट वाइनमध्ये अनेकदा हलका गोडवा ठेवलेला असतो. पहिल्यांदा चाखणाऱ्यांना ती सहसा आवडते आणि तिखटालाही चालते. मुख्य बाटली हीच ठेवा.

सॉव्हिन्यों ब्लाँ: गोड नको म्हणणाऱ्यांसाठी. आंबटसर आणि ताजी चव. माशांसोबत चांगली जाते.

रोझे: गुलाबी रंगाची. रेड आणि व्हाइटच्या चाहत्यांमध्ये समेट घडवायला उपयोगी.

स्पार्कलिंग: बुडबुड्यांची वाइन. भजी-वड्यांसोबत झकास लागते, कारण तळणाचा तेलकटपणा ती कापते.

शिराझ: रेडचा हट्ट असेल तर एक बाटली ही घ्या. मात्र तिखट रश्श्याऐवजी भाजलेल्या मटणासोबत द्या.

लेबलवर 'ड्राय' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ इतकाच की द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर अल्कोहोलमध्ये बदलली आहे, वाइन गोड नाही. 'सेमी-स्वीट' म्हणजे थोडी साखर उरली आहे.

किती बाटल्या लागतील?

७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात. दहापैकी तिघं पीत नाहीत आणि एकाला गाडी चालवायची आहे असं धरू. उरले सहा. प्रत्येकी दोन ते अडीच ग्लास धरले तर १२ ते १५ ग्लास, म्हणजे तीन बाटल्या. एक जास्तीची ठेवली की चार. दोन शेनिन ब्लाँ, एक स्पार्कलिंग किंवा रोझे आणि एक शिराझ, हा मेळ सहसा फसत नाही.

उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते. स्पार्कलिंगचा मात्र वायू निघून जातो, ती त्याच रात्री संपवलेली बरी.

थंड किती करायची?

'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी' हा सल्ला थंड हवेच्या युरोपातून आला आहे. तिथे खोली म्हणजे साधारण १६ ते १८ अंश. मे महिन्यातल्या खर्डीत हा नियम लावला तर वाइन कोमट औषधासारखी लागेल. रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट आणि रोझे दोन-तीन तास.

वीज गेली तर? बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, वर मूठभर मीठ टाका आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण बर्फाचे खडे बाटलीला सगळीकडून टेकत नाहीत. पाणी टेकतं.

न पिणाऱ्यांचं काय?

बहुतेक मेजवान्यांत चूक होते ती इथेच. पिणाऱ्यांसाठी चार प्रकार आणि बाकीच्यांना कोमट कोल्ड्रिंक. कोकम सरबत, सोलकढी किंवा लिंबू-सोडा तशाच काचेच्या ग्लासात, तितकाच थंड द्या. "घे रे, एवढ्याने काय होतंय" असा आग्रह कुणालाही करू नका. नकाराचं कारण औषध असू शकतं, उपवास असू शकतो किंवा नुसती इच्छा नसणं असू शकतं. कारण विचारायची गरज नाही.

वाइन म्हणजे दारू नव्हे?

हा गैरसमज महागात पडू शकतो. साडेबारा टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १९ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटर पेगमध्ये सुमारे १३. म्हणजे वाइनचा एक ग्लास जवळजवळ दीड छोट्या पेगइतका.

महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे आणि मद्य बाळगायला, प्यायला परवाना लागतो. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कॉफी पिऊन किंवा तोंडावर पाणी मारून अल्कोहोल उतरत नाही, त्याला वेळच द्यावा लागतो. म्हणून मुंबई-नाशिक महामार्गावरून रात्री परतणाऱ्यांसाठी चालक आधीच ठरवा, नाहीतर चार गाद्या जास्त मागवून ठेवा.

आणि जेवणं आटोपली की एक गोष्ट पाहा: कोणती बाटली आधी संपली आणि कोणती अर्धी राहिली. पुढच्या वेळी खरेदी करताना तेवढं आठवलं तरी पुरे.