पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची नळी साफ करताय? आधी गज नीट निवडा

आळेफाटा : निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना आपलं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. एरवीही ते महिनोन्‌महिने कपाटात पडून असतं. त्यात जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला पाऊस आणि दमट हवा. मग एक दिवस बाहेर काढल्यावर नळीत तांबूस डाग दिसतात आणि घरात हाताला लागेल ते वापरून सफाई सुरू होते. सायकलची तार, स्क्रू ड्रायव्हरला गुंडाळलेली चिंधी, नाहीतर पॉलिश पेपर. नळीचं खरं नुकसान इथंच होतं.

नळी कुठं बिघडते?

नळीच्या आत पिळदार खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात, म्हणून गोळी सरळ जाते. गोळी बाहेर पडते त्या तोंडाची कड सगळ्यात नाजूक. लोखंडी तार तिथं पुन्हा पुन्हा घासली की कड एका बाजूनं झिजते आणि नेम बिघडतो. गंजाचा हलका डाग तेलानं निघू शकतो, पण झिजलेली कड भरून येत नाही.

गज कसा असावा?

सफाईच्या गजाला दुकानात क्लिनिंग रॉड म्हणतात. घेताना चार गोष्टी बघाव्यात.

१. बोअर : परवान्यावर बोअर लिहिलेला असतो. ३२ बोअर म्हणजे साधारण ८ मिलिमीटर, २२ बोअर म्हणजे साधारण ५.६ मिलिमीटर. गज नळीत मोकळा फिरावा, पण दाबल्यावर वाकू नये. ३८ चा ब्रश ३२ च्या नळीत ठोकून घालू नये, तो अडकतो.

२. धातू : पितळी किंवा वरून प्लॅस्टिकचा थर असलेला गज चांगला. पितळ नळीच्या पोलादापेक्षा मऊ असतं. मात्र मऊ धातूत कचकच रुतून बसते, म्हणून प्रत्येक वेळी गज पुसून घ्यावा. ॲल्युमिनियमच्या तुकड्यांचे जोडगज स्वस्त मिळतात, पण जोडाची कड बाहेर आली असेल तर तीच नळीला ओरखडते. शक्यतो अखंड गज घ्यावा.

३. मूठ : फिरती मूठ असलेला गज खाचांच्या पिळाबरोबर आपोआप वळतो. घट्ट मुठीचा गज खाचांवरून नुसता घासत जातो.

४. लांबी : हातातल्या हत्यारासाठी आखूड गज पुरतो. रायफलचा लांब गज आटोक्यात राहत नाही, वाकतो आणि तोंडावर घासतो.

बहुतेक पिस्तुलांची नळी खोलून वेगळी निघते. तिच्यात गज मागच्या बाजूनं घालावा. रिव्हॉल्व्हरची नळी तशी निघत नाही, गज तोंडाकडूनच घालावा लागतो. त्यासाठी गजावर सरकणारी पितळी टोपी मिळते. ती तोंडात बसवली की गज कडेला लागत नाही. किंमत थोडी, पण रिव्हॉल्व्हरवाल्यानं ती टाळू नये.

सोबत काय घ्यावं?

कांस्य धातूचा ब्रश, चिंधी धरणारं टोक, सुती चिंध्या, सफाईचं द्रावण आणि बंदुकीचं पातळ तेल, एवढं पुरे. स्टीलच्या तारांचा ब्रश नको. निवृत्त फौजींना पुलथ्रू माहीत असतोच. दोरीनं चिंधी ओढायची ही पद्धत हलक्या सफाईला उत्तम, पण घट्ट बसलेलं शिसं तिनं निघत नाही. ३२ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिशाची गोळी वापरली तर नळीच्या मागच्या तोंडाशी शिसं साठतं. तिथं ब्रशच लागतो.

काम या क्रमानं करावं : आधी द्रावणाची चिंधी, थोडा वेळ थांबून ब्रश, मग कोरड्या चिंध्या काळपटपणा जाईपर्यंत, आणि शेवटी तेलाचा पातळ हात. ब्रश नळीच्या मध्येच मागं फिरवू नये, पूर्ण पलीकडं काढून मग परत ओढावा.

ही घरगुती औषधं नकोत

खोबरेल थंडीत गोठतं आणि पुढं चिकट होतं. जळालेल्या इंजिन ऑइलमध्ये बारीक कचकच असते. रॉकेल मळ काढतं, पण गंजापासून राखत नाही, शिवाय आगीची भीती. चामड्याच्या कव्हरात हत्यार ठेवून देऊ नये, चामडं ओल धरतं. तेल लावून कोरड्या जागी, कुलपात, रिकामंच ठेवावं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी बघावं.

हत्यार जमा करताना आधी साफ करून तेलाचा हात द्यावा आणि पावती जपून ठेवावी. परत मिळाल्यावर नळी बघून पुन्हा सफाई करावी.

सफाईआधीची सफाई

"साफ करताना गोळी सुटली" हे वाक्य बातम्यांत अनेकदा येतं. म्हणून गज हातात घेण्याआधी नळी सुरक्षित दिशेला धरावी. पिस्तुलाचं मॅगझिन आधी काढावं, मग स्लाइड मागं ओढून चेंबर डोळ्यानं आणि बोटानं तपासावं. उलट क्रम केला तर मॅगझिनमधलं काडतूस पुन्हा आत चढतं. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडून प्रत्येक घर मोजावं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवावीत. लेकरं जवळ नसावीत आणि दारू प्यायलेल्या माणसानं हत्याराला हात लावू नये.

काम संपल्यावर नळीतून उजेड आरपार दिसतो का ते रिकाम्या हत्यारात बघावं. चिंधीचा तुकडा किंवा जास्तीचं तेल आत राहिलं आणि तसाच बार काढला, तर नळी फुगू किंवा फुटू शकते.

गज अडकला, नळीत खड्डे दिसले किंवा सिलिंडर जाम झालं, तर हत्यार फाट्यावरच्या लेथवर नेऊ नये. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार हत्यार दुरुस्तीला परवाना लागतो. विनापरवाना दुरुस्ती हा गुन्हा आहे. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेच जावं आणि जाताना आपला परवाना सोबत ठेवावा.