परतणाऱ्या प्राणवायूचा घाव

गेल्या आषाढात पहाटे आमच्या दादांच्या छातीत कळ उठली. ‘वात असेल, ओवा खातो,’ म्हणत त्यांनी दोन तास घालविले. मीही मान डोलावली, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे. पुढे इस्पितळात बंद पडलेली धमनी उघडली व दादा घरी आले. पण हृदयाची शक्ती पहिल्यासारखी राहिली नाही. डॉक्टर म्हणाले, ‘‘बरेच नुकसान रक्त थांबल्याने झाले, थोडे ते परत आल्यानेही होते.’’

मी पडलो मराठीचा प्राध्यापक! ज्याच्यावाचून हृदय तडफडत होते, त्याच्याच येण्याने घाव कसा व्हावा? अखेर चहाच्या सुट्टीत पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले. त्यांनी सांगितले ते असे :

रेणूंतले इलेक्ट्रॉन बहुधा जोडीने नांदतात. ज्यात एखादा एकटाच उरतो, ते मुक्त मूलक. हा एकटा जीव जोडीदारासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांत हात घालतो आणि पेशींच्या पडद्यांची मोडतोड होते. रक्त थांबले असता पेशीत सक्सिनेट नावाचे द्रव्य साचते. रक्त परतताच ते झपाट्याने जळू लागते व त्या घाईत प्राणवायूची मूलके निर्माण होतात, असे केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. कडक उपास सोडताना पहिलाच घास पुरणपोळीचा घ्यावा, त्यातलीच ही गत!

पण डोळ्याचे पाते लवण्याआधी नाहीशी होणारी ही मूलके मोजायची कशी? एकटा इलेक्ट्रॉन चिमुकल्या लोहचुंबकासारखा असतो. त्याला चुंबकाच्या क्षेत्रात ठेवून सूक्ष्मलहरी सोडल्या, की तो त्यांतली ठराविक लहर शोषतो आणि पकडला जातो. ही युक्ती झावोइस्की या रशियन शास्त्रज्ञाला 1944 साली कझान येथे साधली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झ्वायर, फ्लाहर्टी व वाइसफेल्ट यांनी 1987 साली ती सशाच्या हृदयावर वापरली. शरीराबाहेर पोषक द्रावणावर धडधडणारे हृदय. त्याचा प्रवाह थांबवायचा, पुन्हा सोडायचा, आणि लगेच उणे 196 अंशांच्या थंडीत ते गोठवायचे. जणू तो क्षणच गोठविला! प्रवाह परतल्यावर अवघ्या 10 सेकंदांत मूलके उसळलेली दिसली. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे मूलके निवारणारे विकर दिले, तेव्हा ती उसळी ओसरली.

मग औषध सापडले म्हणायचे? नाही. याच फ्लाहर्टींनी सहकाऱ्यांसह हृदयविकाराच्या रुग्णांना धमनी उघडताना ते विकर देऊन पाहिले. हृदयाची शक्ती त्याने अधिक सुधारली नाही, आणि 1994 साली त्यांनी हे अपयश सरळ छापले. ज्याने आशा दाखविली त्यानेच ती तपासून खोटी ठरवावी, याला मी शास्त्राचे सोवळे म्हणतो.

हे सारे ऐकून दादा म्हणाले, ‘‘मग धमनी उघडलीच नसती तर बरे नव्हते का रे?’’

‘‘छे! रक्तावाचून तो भाग मेलाच असता. परतीचा घाव असतो, पण खरा दरोडेखोर उशीर. ते दोन तास, दादा!’’

दादा काही बोलले नाहीत. वहिनी मात्र उठल्या. आता आमच्या स्वयंपाकघरात ओव्याच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तिच्यावर रुग्णवाहिकेचा आकडा आहे : 108.