पस्तीस दिवसांचा नमस्कार

कर्नाटकातला जोयडा तालुका एकटा तीन मुंबया पोटात घेईल. क्षेत्रफळ 1,900 चौरस किलोमीटरच्या घरात, आणि 2011च्या जनगणनेत माणसं 50 हजारांच्या आसपास. जमीन सारखी वाटली तर माणशी नऊ एकरांहून जास्त येते. मुंबईत त्याच हिशेबाने 50 चौरस मीटरही पदरात पडत नाहीत. जोयडेकरांना असं पसरून उभं केलं तर दोघांत साधारण 200 मीटर अंतर राहील. मोठ्याने मारलेली हाक पोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्तच लागेल. तेवढ्यात ऑप्टिकल फायबरमधला प्रकाश पृथ्वीला जवळजवळ तीन प्रदक्षिणा घालतो.

आता दुसरा हिशेब. 50 हजार माणसांत दोघादोघांच्या जोड्या किती? 125 कोटी, म्हणजे 2011च्या भारताच्या लोकसंख्येहून जास्त. प्रत्येकाने प्रत्येकाशी समोरासमोर एकच मिनिट नमस्कार-चमत्कार करायचा ठरवला, सगळे एका मैदानात जमले, एका वेळी 25 हजार जोड्या बोलत राहिल्या, तरी न जेवता, न झोपता पस्तीस दिवस जातील. 2020 मध्ये व्हॉट्सअॅपवरून जगभर रोज 10,000 कोटी संदेश जात होते. त्या गतीने हेच 125 कोटी नमस्कार अठरा मिनिटांत उरकतात. उरकतात, एवढंच.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचा अंदाज असा, की माणसाला दीडशेच्या आसपास नाती नीट सांभाळता येतात. (आकड्यावर वाद आहेत; लग्नाच्या आमंत्रणांची यादी केलेल्यांना तो फारच कमी वाटेल.) तो मानला, तर जोयड्यात हजार जोड्यांपैकी जेमतेम तीन जोड्यांची खरी ओळख.

फोनला लागणारी वीज मात्र इथे धो धो. काळी नदीवरच्या 101 मीटर उंच सुपा धरणाशी 100 मेगावॅटचं वीजघर आहे; ते पूर्ण क्षमतेने तासभर चाललं तर साठेक लाख फोन चार्ज होतील. याच धरणात जुनं सुपा गाव बुडालं, तालुक्याचं मुख्य ठिकाण जोयड्याला आलं, कितीतरी कुटुंबं रामनगरला जाऊन वसली. शेजार मोडला तो तेव्हा. मोबाइल नंतर आला, त्याच्या नावाने बोटं मोडण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवावं.

डोंगर आणि दाट रान आड आलं की रेंज जाते. 2022 मध्ये केंद्राने 4जी न पोचलेल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटी मंजूर केले. गावामागे कोटीच्या वर. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल-टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. वस्ती तीन हजारांवर, म्हणजे रोजचे साडेचार हजार माणूस-तास. मला दोन्ही खर्च रास्त वाटतात. अडलेल्या बाळंतिणीसाठी रात्री गाडी बोलवायला रेंज हवीच. रेंज नसण्याचं कौतुक रिसॉर्टवर आलेल्यांनी खुशाल करावं.

जोयड्यात कुणबी शेतकऱ्यांचा कंदमेळा भरतो. कणगी, करांदे, सुरण यांचे ढीग लागतात. गिऱ्हाईक कंद हातात तोलून बघतं, किती वेळ उकडायचा, खाज सुटेल का, विचारतं. विकणारी नखाने साल खरवडून आतला रंग दाखवते, मग दरावरून घासाघीस. एका गिऱ्हाइकाला पाच मिनिटं सहज जातात. आठ तास बसलं तरी शंभर होत नाहीत.