करारातील शब्द आणि भूमीतील निकेल : उत्तर ऑन्टॅरिओतील एका खनिजक्षेत्राचा विचार

विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी लागणारी निकेल, कोबाल्ट, लिथियम इत्यादी खनिजे कोठून मिळवावयाची, हा अलीकडच्या अर्थकारणातील एक प्रमुख प्रश्न होय. त्याची चर्चा बहुधा भूशास्त्र, अभियांत्रिकी आणि व्यापार यांच्या परिभाषेत केली जाते. तथापि कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील ‘रिंग ऑफ फायर’ या क्षेत्राचा इतिहास पाहिला, तर या तिन्ही शास्त्रांच्या कक्षेबाहेरची एक अडचण पुढे येते. तेथे २००७ साली निकेलचा मोठा साठा सापडला. परंतु आजवर तेथे एकही खाण सुरू झालेली नाही. या विलंबाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी सर्वांत मूलगामी कारण १९०५ साली झालेल्या एका कराराच्या अर्थनिर्णयात आहे, आणि म्हणूनच हा विषय भाषेच्या अभ्यासकांनीही लक्षात घेण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात प्रथम भूमी, रस्ता व बाजार यांविषयीच्या अडचणींचे आणि नंतर या अर्थनिर्णयाचे विवेचन केले आहे.

१. भूमी आणि खनिज

थंडर बे या शहराच्या ईशान्येस सुमारे ५०० किलोमीटर अंतरावर, मॅकफॉल्ड्स सरोवराच्या परिसरात हे क्षेत्र पसरलेले आहे. त्याचे नाव जॉनी कॅश या अमेरिकन गायकाच्या एका प्रसिद्ध गीतावरून पडले. पॅसिफिक महासागराभोवतीच्या ज्वालामुखींच्या पट्ट्यालाही हेच नाव असले, तरी त्याच्याशी या क्षेत्राचा संबंध नाही. येथील खडक सुमारे २.७ अब्ज वर्षांपूर्वीचे असून त्यांचा पट्टा चंद्रकोरीच्या आकाराचा आहे. हिऱ्यांचा शोध चालू असता २००२ साली येथे तांबे व जस्त यांचे धातुक अनपेक्षितपणे हाती लागले, आणि २००७ साली ‘ईगल्स नेस्ट’ हा निकेलचा साठा सापडला. त्यापाठोपाठ क्रोमाइटचेही मोठे साठे उघडकीस आले.

ईगल्स नेस्ट येथील खणण्याजोगे धातुक सुमारे १ कोटी ११ लक्ष टन असून त्यात निकेलचे प्रमाण सरासरी १.६८ टक्के आहे, असे २०१२ च्या तांत्रिक अहवालात नमूद केले आहे. म्हणजे शंभर किलोग्रॅम दगड फोडावा तेव्हा दोन किलोग्रॅमही निकेल हाती येत नाही. असे असूनही हे धातुक उत्तम प्रतीचे समजले जाते, कारण ते सल्फाइड प्रकारचे आहे. बॅटरीस लागणारे शुद्ध निकेल त्यापासून तुलनेने सुलभतेने मिळविता येते. बॅटरीत निकेलचे प्रमाण जितके अधिक, तितकी तेवढ्याच वजनात अधिक ऊर्जा साठविता येते, आणि गाडीचा पल्ला त्या मानाने वाढतो.

या खडकांवर हडसन आणि जेम्स या उपसागरांच्या दक्षिणेकडील सखल प्रदेशाची पाणथळ भूमी पसरली आहे. थंडीमुळे व पाण्यामुळे वनस्पतींचे अवशेष पूर्णपणे न कुजता हजारो वर्षे साचत गेले, की जो थर बनतो त्यास पीट म्हणतात. पश्चिम सैबेरियाच्या खालोखाल पीटभूमीचा इतका मोठा अखंड विस्तार जगात दुसरीकडे नाही, आणि त्यात ३० अब्ज टनांहून अधिक कार्बन साठलेला असल्याचे अनुमान आहे. पाणी काढून टाकले की पीट कोरडे पडते आणि त्यातील कार्बन वातावरणात जाऊ लागतो. वातावरणातील कार्बन कमी व्हावा यासाठी विजेच्या गाड्या, त्या गाड्यांसाठी निकेल, आणि त्या निकेलसाठी कार्बनच्या या भांडारावरून रस्ता, असा हा विरोध आहे. खाण भूमिगत ठेवावी व टाकाऊ गाळ पुन्हा जमिनीखालीच भरावा, अशी योजना मांडली गेली आहे. तिच्यामुळे खाणीचा पृष्ठभागावरील व्याप पुष्कळ कमी होईल, हे खरे. परंतु रस्ता काही भूमिगत करता येत नाही.

२. रस्ता आणि बाजार

या प्रदेशास दक्षिणेकडील महामार्गांशी जोडणारा बारमाही रस्ता नाही. वस्त्यांना माल पोहोचतो तो विमानाने, किंवा हिवाळ्यात नद्या, सरोवरे व दलदल गोठल्यावर तयार करण्यात येणाऱ्या बर्फाच्या वाटांवरून. हिवाळे सौम्य होत चालल्याने या वाटांचा हंगाम आखूड व अनिश्चित होऊ लागला आहे. वीज बहुतांशी डिझेलच्या जनित्रांवर अवलंबून असते, आणि ते डिझेलही याच वाटांनी किंवा विमानाने आणावे लागते. अशा स्थितीत खाण काढावयाची म्हणजे आधी शेकडो किलोमीटरांचा रस्ता बांधावयाचा. तो तीन तुकड्यांत योजिला आहे. त्यांपैकी मार्टेन फॉल्सचा जोडरस्ता आणि सुमारे १०७ किलोमीटर लांबीचा वेबेक्वेचा पुरवठामार्ग यांचे प्रस्ताव त्या त्या मूळनिवासी समाजांनीच पुढे मांडले आहेत. या दोहोंस जोडणाऱ्या तिसऱ्या तुकड्यासाठी ते दोन्ही समाज एकत्र आले आहेत. मूळनिवासी म्हणजे विकासाचे विरोधक, असे सरसकट समीकरण मांडणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. रस्ता झाला तर धान्य स्वस्त होईल, रुग्णालय जवळ येईल, तरुणांना काम मिळेल, ही अपेक्षा त्यांच्यापैकी अनेकांची आहे.

बाजाराचा इतिहास मात्र सावध करणारा आहे. क्लिफ्स या अमेरिकन कंपनीने येथील क्रोमाइटच्या विकासाचे काम २०१३ साली थांबविले आणि २०१५ साली आपले हक्क अवघ्या २ कोटी ७५ लक्ष डॉलरना विकले. हे हक्क घेणारी नोरॉन्ट ही कंपनी २०२२ साली वायलू या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या ताब्यात गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅनडाच्या शासनाने निर्णायक महत्त्वाच्या खनिजांविषयीचे धोरण जाहीर केले, आणि पुढील वर्षी दक्षिण ऑन्टॅरिओतील सेंट टॉमस येथे फोक्सवॅगनच्या बॅटरी-कारखान्याची घोषणा झाली. उत्तरेचे निकेल व दक्षिणेचे कारखाने अशी सांगड आता जुळणार, असे वाटू लागले. परंतु याच सुमारास इंडोनेशियातील उत्पादन जगाच्या एकूण उत्पादनाच्या निम्म्याहून अधिक झाले व निकेलचे भाव कोसळले. वायलूनेही २०२४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील कंबाल्डा येथील आपले निकेलचे काम बंद केले. शिवाय निकेल मुळीच न लागणाऱ्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांनी २०२४ पर्यंत विद्युत् गाड्यांच्या बाजाराचा जवळजवळ अर्धा भाग व्यापला. खाण उभी राहण्यास पंधरा-वीस वर्षे लागावीत आणि बॅटरीचे रसायन पाच वर्षांत बदलावे, अशी ही कालगतीची विसंगती आहे.

३. १९०५ चा करार

या सर्व अडचणी पैशाने, यंत्राने किंवा प्रतीक्षेने दूर होऊ शकतील. ज्या भूमीवर हे सर्व करावयाचे, तिच्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र तशा प्रकारे सुटणारा नाही. त्याचे उत्तर ‘करार क्रमांक ९’ या दस्तऐवजात शोधावे लागते. १९०५ व १९०६ साली डंकन कॅम्बेल स्कॉट, सॅम्युअल स्ट्यूअर्ट व डॅनिएल जॉर्ज मॅकमार्टिन हे तीन आयुक्त होड्यांतून या प्रदेशात फिरले आणि त्यांनी क्री व ओजिब्वे समाजांच्या प्रमुखांच्या सह्या घेतल्या. पुढे १९२९-३० साली आणखी उत्तरेकडील समाजांनाही करारात सामील करून घेण्यात आले. कराराचा मसुदा केंद्र व प्रांत या दोन शासनांनी आधीच निश्चित केलेला होता. त्यात बदल करण्याचा अधिकार आयुक्तांना नव्हता. प्रत्येकी आठ डॉलर रोख, त्यानंतर प्रतिवर्षी चार डॉलर, आणि पाच जणांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल या हिशेबाने राखीव भूमी, असा मोबदला ठरला होता.

दस्तऐवज इंग्रजीत होता. ज्यांनी सह्या केल्या त्यांना तो दुभाष्यांच्या तोंडून कळला. क्री भाषेला तिची स्वतःची अक्षरलिपी होती; १८४० च्या सुमारास प्रचारात आलेल्या या लिपीत काही प्रमुखांनी करारावर सह्याही केल्या आहेत. म्हणजे ज्यास निरक्षर म्हणता येणार नाही अशा समाजाने, जी भाषा आपल्याला वाचता येत नाही तिच्यातील मजकुराखाली, आपल्या लिपीत नाव लिहिले.

मूळ मजकुराकडे पाहिले असता दोन स्थळे विशेष लक्ष वेधून घेतात. पहिले स्थळ भूमीच्या हस्तांतराचे. तेथे सोडणे, मुक्त करणे, स्वाधीन करणे व देऊन टाकणे अशा अर्थाची चार क्रियापदे ओळीने येतात. इंग्रजी खरेदीखतांच्या परंपरेतील हा ठरीव साचा आहे; चारही क्रियापदे मिळून एकच कायदेशीर परिणाम साधावयाचा असतो. दुसरे स्थळ शिकारीच्या हक्काचे. शिकार, सापळे व मासेमारी पूर्वीप्रमाणे चालू राहील. मात्र वसाहत, खाणकाम, लाकूडतोड, व्यापार वा अन्य कारणांसाठी वेळोवेळी लागेल अथवा घेतली जाईल ती भूमी वगळून, असा त्याचा आशय आहे. येथे ‘घेतली जाईल’ हा कर्मणी प्रयोग असून त्यातील कर्ता अनुक्त आहे. कोणी घ्यावयाची, कोणास विचारून, कितीपर्यंत, हे वाक्य सांगत नाही. शासनाने त्यातील अनुक्त कर्ता स्वतः होऊन भरला.

तोंडी काय सांगितले गेले, याविषयी थोडा पण मोलाचा पुरावा उपलब्ध आहे. ऑस्नबर्ग येथे मिस्साबे या वृद्ध व अंध प्रमुखाने अशी शंका काढली, की सही केल्यास आपल्या लोकांना राखीव भूमीतच कोंडले जाईल आणि शिकारीस मुकावे लागेल. ही भीती निराधार असल्याचे आश्वासन त्यास देण्यात आले, हे आयुक्तांच्या अधिकृत अहवालातच नोंदलेले आहे. मॅकमार्टिन यांच्या दैनंदिनीत तर, हे लोक पूर्वीच्या रीतीप्रमाणे मन मानेल तेथे शिकार करू शकतील असे त्यांना समजावून सांगितल्याची नोंद आहे. कराराच्या मजकुरातील अपवादाचा तेथे उल्लेख नाही. फोर्ट होप येथील प्रसंग त्याहून बोलका आहे. मुनियास या प्रमुखाने विचारले, की आजवर मला टाचण्यांची पुडीदेखील मोल दिल्यावाचून कोणी दिलेली नाही. मग आम्ही परतफेड करू शकत नाही असे लाभ राजा आम्हांस का देतो आहे? त्यावर कॅथलिक पाद्री फाफार यांनी जमिनीवरील हक्काच्या मोबदल्यात हे लाभ आहेत, असा खुलासा केला. खुलासा झाला खरा. परंतु प्रश्न ज्या स्वरूपात विचारला गेला, त्यावरून आपण काही विकतो आहोत अशी मुनियासची समजूत नव्हती, हे उघड होते. आज वेबेक्वे व नेस्कांटागा येथे राहणारे समाज हे याच फोर्ट होप समुदायाचे वंशज आहेत. जॉन लाँग यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या सर्व साधनांची छाननी केली असून, हा करार भूमीत वाटेकरी होण्याचा होता ही मूळनिवासींची समजूत ग्रंथाच्या उपशीर्षकातच नोंदविली आहे.

४. अर्थनिर्णयाचा आजचा परिणाम

हा वाद केवळ इतिहासाचा नाही. करारांतील ‘घेतली जाईल’ या शब्दांचा अर्थ कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी मर्यादित केला आहे. २००५ च्या मिकिस्यू क्री खटल्यात, करार क्रमांक ८ मधील अशाच कलमाबाबत, भूमी घेण्यापूर्वी विचारविनिमय करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविण्यात आले. २०१४ च्या ग्रासी नॅरोज खटल्यात, करार क्रमांक ३ खाली प्रांतास भूमी घेता येते हे मान्य झाले. परंतु शिकारीचा हक्क अर्थशून्य होईल इतकी भूमी घेणे हा कराराचा भंग ठरू शकेल, असेही बजावण्यात आले. तथापि विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. विचारणे व ऐकून घेणे एवढ्यावर थांबता येते की नकारही बंधनकारक असतो, हाच आज वादाचा गाभा आहे.

एप्रिल २०२३ मध्ये करार क्रमांक ९ मधील दहा समाजांनी, आपण या भूमीवरील निर्णयाधिकार कधीच सोडला नव्हता, असे प्रतिपादन करून दावा दाखल केला. जून २०२५ मध्ये ऑन्टॅरिओच्या विधिमंडळाने विशेष आर्थिक क्षेत्रे घोषित करून तेथे प्रांतिक कायद्यांपासून सूट देण्याचा अधिकार शासनास दिला, आणि त्याच महिन्यात केंद्रानेही राष्ट्रहिताच्या प्रकल्पांना शीघ्र मान्यता देणारा कायदा संमत केला. पुढच्याच महिन्यात नऊ समाजांनी या दोन्ही कायद्यांना न्यायालयात आव्हान दिले. घाईने वेळ वाचविण्याचा प्रयत्न वेळ वाढविणारा कसा ठरतो, याचे हे उदाहरण होय.

संमतीच्या प्रश्नामागे विश्वासाचाही प्रश्न आहे. अटावापिस्कट सरोवराकाठच्या नेस्कांटागा वस्तीत नळाचे पाणी उकळूनच प्यावे, ही सूचना १९९५ साली देण्यात आली. २०२५ साली तिला तीस वर्षे पूर्ण झाली. ज्या शासनाला शेकडो किलोमीटरांचा रस्ता शक्य वाटतो, त्याच्याकडून एका लहान वस्तीला तीस वर्षांत पिण्याजोगे पाणी मिळू शकले नाही. अशा वस्तीने खाणीमुळे नदी दूषित होणार नाही या आश्वासनाकडे संशयाने पाहिले, तर त्यास अज्ञान म्हणता येणार नाही.

शेवटी एका व्याकरणविषयक गोष्टीचा निर्देश करावयास हवा. हवामानाच्या रक्षणासाठी ‘आम्हां सर्वांना’ ही खनिजे हवी आहेत, असे इंग्रजीत सांगताना प्रथमपुरुषी अनेकवचनाचे एकच रूप वापरले जाते. त्यात ऐकणारा समाविष्ट आहे की नाही, हे संदिग्ध राहू शकते. क्री भाषेत ही संदिग्धता संभवत नाही. श्रोत्यासह असेल तर ‘कियानव’ आणि श्रोत्यास वगळून असेल तर ‘नियनान’, यांपैकी एक रूप वक्त्याला निवडावेच लागते. ओजिब्वे भाषेतही असाच भेद आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद जपणाऱ्या मराठी वाचकास तो समजावून सांगण्याची गरज नाही. १९०५ साली करार वाचून दाखविणाऱ्यांनी ‘आम्ही’च्या बाजूने मजकूर लिहिला होता आणि ऐकणाऱ्यांनी तो ‘आपण’ असा ऐकला, असे उपलब्ध पुराव्यावरून म्हणावयास जागा आहे. रिंग ऑफ फायरमधील निकेल जमिनीबाहेर येईल की नाही, हे भाव आणि रसायन यांवर जसे अवलंबून आहे, तसेच या वेळी बोलणी कोणत्या सर्वनामात होतात यावरही अवलंबून राहील.