सागरी उद्योगांचे मोल कसे मोजावे?

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि विदर्भातील बाजारात येणारे सुके बोंबील समुद्राचेच देणे होय. 'मुंबई हाय' येथून १९७६ पासून निघणाऱ्या खनिज तेलाचाही लाभ साऱ्या देशाला होतो. मग राज्याच्या उत्पन्नात समुद्राचा वाटा किती?

हे उत्तर सहज मिळत नाही. राष्ट्रीय हिशेबात मासेमारी शेतीच्या गटात, खनिज तेल खाणकामात, तर बंदरे वाहतुकीत मोडतात. ही विखुरलेली अंगे वेचून एकत्र मांडावी लागतात.

मूल्यवृद्धीचे गणित

केवळ विक्रीची बेरीज केल्यास आकडा फुगतो. समजा, नौकामालकाने १०० रुपयांची मासळी विकली, सुकवणाऱ्याने ती १४० रुपयांना व कळंबच्या व्यापाऱ्याने २०० रुपयांना विकली. बेरीज ४४० रुपये होते. पण ग्राहकाच्या हाती पडलेला माल २०० रुपयांचाच आहे. डिझेल, बर्फ व जाळी यांचे ६० रुपये वजा जाता नौकेची मूल्यवृद्धी ४०, सुकवणाऱ्याची ४० आणि व्यापाऱ्याची ६० रुपये ठरते. उरलेले ६० रुपये डिझेल, बर्फ व जाळी पुरविणाऱ्यांच्या हिशेबात येतात.

सीमाही आखावी लागते. यवतमाळचा कापूस न्हावाशेवा बंदरातून परदेशी गेला, तरी तो शेतीचेच उत्पन्न राहतो. बंदराची सेवा तेवढी सागरी. तलावातील मत्स्योत्पादनही यात येत नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१६ मध्ये अशाच पद्धतीने २०१० सालची जगातील सागरी मूल्यवृद्धी सुमारे दीड लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक मूल्यवृद्धीच्या सुमारे अडीच टक्के, असल्याचे मांडले.

भांडवलाची झीज

अंडी घालण्यापूर्वीच लहान मासळी पकडली, तर यंदाचे उत्पन्न वाढलेले दिसते. परंतु पुढील वर्षांचे भांडवल घटते. खारफुटी तोडल्यास लाटांपासूनचे संरक्षण व माशांच्या पिलांचा आसरा जातो, मात्र नेहमीच्या हिशेबात ही हानी उमटत नाही. घरोघरी मासळी निवडणाऱ्या व सुकवणाऱ्या स्त्रियांचे श्रमही बहुधा नोंदीबाहेर राहतात. पावसाळ्यातील मासेमारीबंदीचे मोलही म्हणूनच केवळ बुडालेल्या उत्पन्नावरून ठरविता येत नाही.

आवक व झीज या दोन्ही बाजू मांडल्या, तरच सागरी विकासाच्या योजनांना भक्कम आधार लाभेल. गावच्या तलावाचा वा वनाचा हिशेब ठेवणाऱ्या पंचायतींनाही हेच सूत्र उपयोगी पडेल.