मिलिमीटरचा दोनशेवा भाग

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे अजून रोजच्या बोलण्यात आहेत. निजामाच्या राज्यात वऱ्हाडाच्या सीमेवरचे हे गाव लष्कराचे ठाणे होते. हैदराबाद कंटिन्जंटचे घोडदळ इथे असे आणि घोडदळ म्हटले की जनावरांचा दवाखाना आलाच. तोही त्या काळी हिंगोलीत होता. १९०३ साली कंटिन्जंट हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. छावणी गेली, नावे राहिली.

त्या जमान्यातला घोड्यांचा डॉक्टर नाडी, ताप, लीद आणि चाल पाहून रोग ओळखायचा. १८८० साली डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने सर्रा झालेल्या घोड्यांचे आणि उंटांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तांबड्या पेशींच्या गर्दीत त्यांना एक वळवळणारा परजीवी दिसला. वरिष्ठांना ते लगेच पटले नाही. पण जनावराच्या रोगाचे मूळ डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळीवर असते, हे त्या काळच्या हिंदुस्थानात लष्कराच्याच जनावरांनी दाखवून दिले. सहाच वर्षांनी, १८८६ साली, मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या रुग्णालयाशेजारी पशुवैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. मराठवाड्याला त्यासाठी बरीच वाट पाहावी लागली. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ सालचे. आधी ते मराठवाडा कृषी विद्यापीठात होते. २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झाले, तेव्हापासून त्या विद्यापीठाकडे आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला आजही हेच महाविद्यालय जवळचे. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या ज्या मुलांना जनावरांचे डॉक्टर व्हायचे असते, त्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा परभणीच येते.

ही पदवी साडेपाच वर्षांची, त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी असते. हाडे, सांधे, स्नायू, आतडी हा तिचा डोळ्यांनी दिसणारा भाग. त्याच विषयात हिस्टॉलॉजी असते, मुलांच्या भाषेत नुसते ‘हिस्टो’. अवयवाचा पातळ काप काचेवर घेऊन त्यातल्या पेशी आणि ऊती ओळखायच्या. बैलाची मांडी फाडून स्नायू मोजणारा विद्यार्थी इथे येऊन थबकतो, कारण समोर फक्त गुलाबी आणि जांभळे डाग असतात. कोणता डाग यकृत, कोणता प्लीहा, हे पहिले काही आठवडे कळतच नाही. रेकॉर्ड बुकात गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी त्याची चित्रे काढावी लागतात. अनेकांना हे काम कंटाळवाणे वाटते. माझ्या मते पुढच्या सगळ्या वैद्यकीचा पाया याच चित्रांत पडतो: निरोगी अवयव आतून कसा दिसतो हे ज्याच्या डोळ्यांत पक्के बसले नाही, त्याला रोग दिसणार कसा?

काप तयार होतो तो मार्ग लांबचा आहे. जनावराच्या मृत शरीरातून तुकडा काढला की लगेच दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये टाकायचा. उशीर झाला तर पेशी स्वतःतल्याच पाचक द्रव्यांनी विरघळू लागतात. आतड्याच्या आतले सूक्ष्म अंकुर तर काही मिनिटांतच झडायला लागतात. मराठवाड्यातल्या मे महिन्यात आणखी लवकर. फॉर्मेलिन आत हळूहळू मुरते, म्हणून तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको. दिवस-दोन दिवसांनी तो चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून फिरवून त्यातले पाणी काढतात, झायलीनमध्ये ठेवून पारदर्शक करतात आणि साठ अंशांच्या आसपास वितळलेल्या पॅराफिन मेणात मुरवतात. मेण गोठले की त्याचा ठोकळा मायक्रोटोमवर चढतो.

मायक्रोटोम हे या विद्येचे खरे यंत्र. हाताने चाक फिरवले की ठोकळा पात्यावरून खाली येतो, पुन्हा वर जातो आणि दर फेरीला ठरलेल्या मापाने पुढे सरकतो. ते माप बहुधा पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. काप एकाला एक चिकटून मेणाची फीत निघते. पाते बोथट असेल तर फितीवर रेघा उमटतात, मेण गार नसेल तर काप चुरगळतात. फीत कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या जातात, मग ती अलगद काचेवर उचलून घ्यायची. काप सुटू नये म्हणून काचेला अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीनचा हात दिलेला असतो. यंत्रे परदेशी असतात तशी अंबाल्याचीही असतात. पण फीत न तुटता काढणारा तंत्रज्ञ प्रयोगशाळेत असणे हे कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाचे, आणि अशी माणसे निवृत्त झाली की त्यांच्या जागा वेळेवर भरल्या जाव्यात असे मला फार वाटते.

मग रंग. हेमॅटॉक्झिलिन मेक्सिकोतल्या कॅम्पेचे भागातल्या एका झाडाच्या लाकडातून निघते. ते नुसते असताना रंगवत नाही. हवेतल्या प्राणवायूने किंवा रसायनाने त्याचे रूप बदलावे लागते आणि रंग धरावा म्हणून त्यात तुरटी घालावी लागते. आपले रंगारी कापडाला रंग धरण्यासाठी वापरत आले तीच तुरटी. पेशीचे केंद्रक याने निळे-जांभळे होते आणि बाकीचा पेशीद्रव इओसिनने गुलाबी. ही जोडी १८७६ पासून चालत आली आहे आणि जगभरच्या प्रयोगशाळांत आजही तीच पहिली.

आता काचेवर काय दिसते ते पाहू. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचे पोट चार कप्प्यांचे, आणि परीक्षेत स्पॉटिंगला याच चार स्लाइड हमखास लावतात. पहिले कोटीपोट. त्याचे अस्तर आपल्या कातडीसारखे अनेक थरांचे, वरचा थर कठीण झालेला. त्यात एकही ग्रंथी नाही, तरी हा कप्पा नुसता साठवणीचा नाही. कडब्यातल्या तंतूंपासून जंतू जी आम्ले बनवतात, ती याच अस्तरातून रक्तात जातात, आणि जनावराची बरीचशी ऊर्जा तिथूनच येते. म्हणून अस्तराला बोटासारखे उंचवटे असतात, शोषणाचा पृष्ठभाग वाढवणारे. नुसत्या दुधावर ठेवलेल्या वासराच्या कोटीपोटाचा काप पाहिला तर हे उंचवटे खुरटे दिसतात. वासराला वेळेवर थोडा भरडा आणि चारा दिला की त्यातून बनणाऱ्या आम्लांनीच उंचवटे वाढतात. वासराला खुराक का द्यायचा, याचे उत्तर त्या स्लाइडवर आहे. तसेच उलटेही: खळ्यावर सुटलेल्या बैलाने पोटभर ज्वारी खाल्ली की कोटीपोटात आम्ल साचते, हे अस्तर सुजते, जागोजागी सुटते, आणि तिथून शिरलेले जंतू यकृतात गळू करतात.

दुसरे जाळीपोट, त्याच्या उंच कडांच्या टोकाशी स्नायूची एक गाठ दिसते. तिसरे पडदेपोट, मोठ्या पडद्याच्या आत स्नायूचे तीन थर. चौथे खरे पोट, ग्रंथींनी गच्च भरलेले, आपल्या जठराच्या जवळचे. विद्यार्थी खुणा पाठ करतात त्या अशा: कोटीपोटात अस्तराखालचा बारीक स्नायूथर नाही, जाळीपोटात तो फक्त कडेच्या टोकाला, पडदेपोटात पडद्याच्या दोन्ही अंगांना. पाठ करायला हरकत नाही. पण असे का, हे सांगणारा शिक्षक लाभला तर ती खूण आयुष्यभर विसरत नाही.

कासेचा काप मला या सगळ्यात जास्त आवडतो. दूध बनवणाऱ्या बारीक पोकळ्या द्राक्षांच्या घोसासारख्या लागलेल्या असतात, प्रत्येकीला पेशींचा एकच थर. त्या थराला बाहेरून आवळून बसलेल्या काही पेशी असतात, अर्ध्या स्नायूच्या जातीच्या. वासराने ढुशी दिली किंवा धार काढणाऱ्याचा ओळखीचा हात सडाला लागला की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात येते, या पेशी आकसतात आणि दूध खाली उतरते. गाय पान्हा सोडते ती अशी. घाबरली, मारली, नवखे माणूस जवळ आले की ॲड्रिनलिन सुटते, कासेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गाय पान्हा चोरते. ऑक्सिटोसिनचा जोर काही मिनिटांचाच, म्हणून धार एकदा सुरू केली की मध्ये थांबू नये. आणि कासदाह, ज्याला गावात दगडी म्हणतात, तो अंगावर काढला तर दूध बनवणाऱ्या पेशी मरून तिथे नुसती संयोजी ऊती भरते. सड पुन्हा दूध देत नाही याचे कारण हेच. पशुपालकांच्या मेळाव्यात ही एक स्लाइड पडद्यावर दाखवली तरी दगडीवर लवकर उपचार करण्याचे महत्त्व कोणालाही पटेल.

बाकीच्या अवयवांकडे धावती नजर टाकतो. डुकराच्या यकृतात प्रत्येक खंडिका स्वतंत्र कुंपण घातल्यासारखी दिसते, गाईच्या यकृतात त्या हद्दी पुसट. शेळीची तांबडी पेशी जेमतेम चार मायक्रॉनची, कुत्र्याची सातची. कोंबडीच्या तांबड्या पेशीत केंद्रक असते. तिच्या फुप्फुसात आपल्यासारखे वायुकोश नाहीत, आरपार नळ्या असतात. तिच्या शेपटाजवळ फॅब्रिशियसची पिशवी नावाचा एक अवयव असतो, तो सस्तन प्राण्यांत नाहीच. गंबोरो रोग पिल्लांची प्रतिकारशक्ती मारतो तो याच पिशवीतल्या पेशी संपवून.

कातडीपाशी मात्र थांबले पाहिजे, कारण इथे पुस्तकाची आणि आपली वाट वेगळी होते. विद्यार्थ्यांच्या हातातली हिस्टॉलॉजीची प्रसिद्ध पुस्तके अमेरिकेत-युरोपात लिहिलेली, त्यांतली गाय तिकडची. आपल्या वशिंडवाल्या गाईंच्या घर्मग्रंथी तिकडच्या गाईंपेक्षा मोठ्या, पिशवीसारख्या आणि कातडीच्या वरच्या अंगाला असतात. लालकंधारी किंवा देवणी जनावर उन्हात काम करते त्यामागे हेही एक कारण आहे. म्हशीच्या कातडीत घर्मग्रंथी गाईच्या मानाने पुष्कळ कमी, म्हणून ती डबके शोधते. २०२२ साली लम्पी हा कातडीचा रोग पसरला तेव्हा गाठीच्या कापात सुजलेल्या रक्तवाहिन्या आणि फुगलेल्या कातडीपेशी दिसत होत्या. ते ओळखायला निरोगी देशी कातडीची स्लाइड शेजारी असावी लागते. आपल्या महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी म्हशीवर, शेळीवर, देशी जनावरांवर प्रबंध लिहितात. त्यांतली चित्रे कपाटात राहू नयेत, मराठवाड्यातल्या जनावरांचा सचित्र संग्रह म्हणून ती छापली जावीत. मराठीत असा संग्रह निघाला तर तो पशुधन पर्यवेक्षकांच्याही उपयोगी पडेल.

हल्ली पूर्ण स्लाइड संगणकावर साठवून पडद्यावर शिकवता येते. चांगली सोय आहे. शंभर मुलांना एकच काप एकाच वेळी दाखवता येतो. तरी प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक स्लाइड स्वतः तयार करावी, तुकडा कापण्यापासून काच चिकटवण्यापर्यंत. ज्याने स्वतः फॉर्मेलिनमध्ये उशीर केला आणि पेशी विरघळलेल्या पाहिल्या, तो पुढे सेनगाव तालुक्यातल्या दवाखान्यात नोकरीला लागल्यावर नमुना कसा पाठवायचा हे विसरणार नाही.

कारण शेवटी सगळे नमुन्यावर येते. पिसाळलेल्या जनावराचे निदान पूर्वी मेंदूच्या कापात नेग्री पिंड शोधून करत. ॲडेल्की नेग्री यांनी ते १९०३ साली वर्णिले. कुत्र्यात ते मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागात शोधायचे, गाई-म्हशीत लहान मेंदूच्या पर्किंजे पेशींत. आता चकाकणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी प्रमाण मानतात, पण मेंदूचा कोणता भाग पाठवायचा हे ठरवायला तेच ज्ञान लागते.

म्हणून हिंगोलीच्या पशुपालकांना आणि तिथल्या तरुण डॉक्टरांना एक विनंती. जनावर कारण न कळता दगावले तर लगेच पुरू नका, आधी दवाखान्याला कळवा आणि शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. फक्त एक अट आहे: नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल तर ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते. असे शव उघडायचे नाही, हातही लावायचा नाही. एरवी डॉक्टरांनी यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, प्लीहा आणि जिथे बिघाड दिसेल तिथल्या कडेचा, अर्धा रोगट अर्धा निरोगी असा, अर्धा सेंटिमीटर जाडीचा तुकडा घ्यावा. तुकड्याच्या दहापट दहा टक्के फॉर्मेलिन रुंद तोंडाच्या बरणीत घालावे, ती बर्फात ठेवू नये, आणि जनावराचे वय, जात, लक्षणे लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी. जंतूंच्या तपासणीचा नमुना मात्र वेगळा, फॉर्मेलिनशिवाय, बर्फात. बरणी गळत नाही ना, ते पाहून मगच ती परभणीच्या गाडीत ठेवावी.