सेकंडहँड गॅन्डाल्फ घेताय? आधी हे बघा

कुर्ला स्टेशनबाहेर भेटून ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पुतळा घ्यायचं ठरलंय? पैसे पाठवायच्या आधी तो हातात घ्या. न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने या सिनेमांची शस्त्रं, चिलखतं बनवली, पुतळेही तेच बनवतात. बरेचसे पॉलिस्टोनचे, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची पूड. जड आणि गार लागायला हवेत. मोठा पुतळा हलका लागला की मी सरळ परत फिरतो. (व्हिनाइलचे छोटे ‘मिनी एपिक्स’ मात्र हलकेच असतात.)

स्केलही मोजा. १:६ मध्ये सहा फुटी माणूस साधारण ३० सेंमी, साडेतीन फुटी हॉबिट जेमतेम १८.

मग फोनचा टॉर्च तिरका धरून मनगट, तलवार, काठी बघा. गोंदाची चमकती रेघ दिसली, तर तुटून चिकटवलेलं आहे. भाव पाडाच.